शाळेतून आलेल्या पोरांना पाच वाजता घरचं काय देता?

धुळ्याची माय

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहायला आज बसले.

मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत. मुलगी साडेतीन वर्षांची. मी सकाळी साडेनऊला घर सोडते ती संध्याकाळी साडेसहाला परत येते. मुलगा पाचला शाळेतून येतो आणि दप्तर पाठीवर असतानाच आजीला विचारतो, "काय शे खावाले?" सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना गॅसपाशी फार उभं राहवत नाही. त्यामुळे गेलं वर्षभर चहा-टोस्ट, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातली पाच रुपयांची पुडी. साडेआठला मी ताट वाढते तर हा दोन घास खाऊन उठतो. मला वाटायचं, पोर खातच नाही. पोर खात होतं, पाच वाजता खात होतं. त्या वेळी त्याच्या हातात काय पडतं ते मी बघत नव्हते.

शाळा सुरू झाली आणि दोन मजले चढताना तो मध्येच पायरीवर बसायला लागला. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 9.4 निघालं. औषध चालू आहे, त्याबद्दल विचारत नाही. पण डॉक्टर म्हणाले, "औषध मी काही महिने देईन, पुढचं तुमच्या चुलीवरून आलं पाहिजे."

मला ओट्स-किन्वाच्या पाककृती नकोत, त्या भरपूर सापडतात. घरात ज्वारी, बाजरी, उडीद, डाळी, शेंगदाणे, तीळ आणि गूळ कायम असतात. ह्यातलं असं सांगा जे मी रविवारी किंवा आदल्या रात्री करून ठेवीन, सासूबाई बसल्या जागेवरून देऊ शकतील आणि पोर खाईल.

रावेरच्या काकू

पोरी, आधी फुणके कर. तू धुळ्याची, तुला फुणके सांगायला नकोत. पण कढीबरोबर जेवणात करायचे म्हणून आपण ते रविवारपुरते ठेवलेत, पोरांच्या खाऊत ते येतच नाहीत.

शनिवारी रात्री दोन वाट्या तूरडाळ आणि एक वाटी हरभराडाळ भिजत घाल. सकाळी पाणी काढून चाळणीत अर्धा तास निथळत ठेव, हे टाळू नको. पाणी राहिलं की गोळा सैल होतो आणि फुणके आतून पिठाळ लागतात. वाटताना पाण्याचा थेंब घालायचा नाही. भरड वाटायचं, बोटात धरलं की डाळीची कणी लागली पाहिजे. लसूण, जिरं, हळद, मीठ, आणि मिरची पोरांच्या बेताने. मग मूठभर मेथी नाहीतर कांद्याची पात बारीक चिरून, वर कोथिंबीर. हाताला तेलाचं बोट लावून मुठीत असं दाबायचं की मुटक्यावर बोटांचे ठसे उठले पाहिजेत. चाळणीत मांडून खाली पाणी खळखळ उकळू दे, वर झाकण, वीस मिनिटं. सुरी टोचून कोरडी आली की उतरव.

दुपारी कढीबरोबर तुम्ही खा. आठ-दहा बाजूला काढून गार झाले की फ्रीजमध्ये टाक, मंगळवारपर्यंत चालतात. सासूबाईंनी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायचे, चमचाभर तेल, लिंबू, थोडा कच्चा कांदा घालून हाताने कुस्करून द्यायचे. गॅस पेटवायला नको.

केळीचा बाग (यावल)

आमच्याकडे खाऊ म्हणजे केळी, दुसरा प्रश्नच येत नाही. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ह्याचा अभिमान आहे, पण आमच्याच गावातली पोरं दुकानात टांगलेल्या पुड्या मागतात. रस्त्यापलीकडे घड लटकलेला असतो. व्यापारी बारीक फण्या मागे टाकून जातो, त्या गुरांपुढे जातात. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

ताईंसाठी आमच्या घरची एक गोष्ट. सालीवर काळे ठिपके आलेली दोन केळी ताटात चांगली मोडायची. त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तीळ, चमचाभर तूप, चिमूट मीठ. साखर-गूळ काही नाही, पाणी नाही, दूध नाही. पीठ हाताला थोडं चिकटेल, तसंच असू द्या. लहान-लहान जाडसर दशम्या लाटून मंद तव्यावर भाजायच्या. आच मोठी केली तर केळीतली साखर लगेच काळी पडते आणि आत कच्चं राहतं. रात्री केल्या तर दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत मऊ राहतात. माझी पुतणी ह्या दशमीला "गोड भाकर" म्हणते आणि शाळेच्या डब्यातही तीच मागते.

आहार जळगाव

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तीन-चार गोष्टी सांगायच्या आहेत. आधीच्या प्रतिसादांत एक गैरसमज डोकावतोय, तो पहिला.

केळं पोटभरीचं आणि उत्तम फळ आहे, पण त्यात लोह नगण्य असतं. हिमोग्लोबिन वाढवायला केळं असं कृपया कोणी समजू नका. केळीच्या दशमीत जे थोडंफार लोह आहे ते कणकेतून आणि तिळातून येतं. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज साधारण 15 मिलिग्रॅम लोह लागतं. बाजरीत 100 ग्रॅममागे सुमारे 6 मिलिग्रॅम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. मटकी, चवळी, मसूर, हरभरा ह्यांच्यात बाजरीच्या आसपास किंवा थोडं जास्त.

पण धान्य-कडधान्यांतलं लोह शरीरात फार थोडं शिरतं. लिंबू, पेरू, आवळा ह्यांतलं क जीवनसत्त्व सोबत असलं की ते बरंच जास्त शिरतं. काकूंनी फुणक्यावर लिंबू पिळायला सांगितलं ते चवीसाठी असेल, पण त्याने खरं काम होतं. आणि चहा नेमका उलटं करतो. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. पाच वाजता तुम्ही मटकीची उसळ दिली आणि सोबत अर्धा कप चहा दिला, तर उसळीचा मोठा भाग वाया गेला. ताई, बाकी काही जमलं नाही तरी मुलाचा चहा बंद करा. तेवढं आजच होईल.

नागली (नाचणी) अवश्य द्या, पण कशासाठी ते कळून द्या. तिच्यात 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, हाडांसाठी फार चांगली. लोहासाठी बाजरी आणि कडधान्यं.

शेवटी गूळ. गुळात लोह असतं म्हणून घरोघरी मुलांना गूळच गूळ दिला जातो. लाडवात पडतो तेवढ्या गुळातून लोह अगदी थोडं मिळतं, साखर मात्र पूर्ण मिळते. चवीपुरता वापरा, औषध म्हणून नको.

रावेरच्या काकू

ताई, तुमचं चहाचं एकदम पटलं. गुळाचं नाही पटत. आमच्या तीन पिढ्या गूळ-शेंगदाण्यावर वाढल्या. शेतात जाताना फडक्यात तेच असायचं.

आहार जळगाव

काकू, त्या पिढ्या दिवसभर शेतात राबत होत्या आणि त्या फडक्यात गुळाच्या खड्यापेक्षा शेंगदाणे जास्त होते. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, चांगला स्निग्धांश आहे. तुमचं फडकं मला मान्यच आहे. आजकालच्या लाडवात प्रमाण उलटं झालंय, एक वाटी कुटाला एक वाटी गूळ. अर्धी वाटी करा, लाडू तुपाच्या हाताने वळले जातात.

रावेरच्या काकू

अर्धी वाटी चालेल. मीही तेवढाच घालते.

भुसावळ क्वार्टर

शेंगदाण्याचा विषय निघालाच आहे तर लिहिते. धागा उघडणाऱ्या ताईंची मुलगी साडेतीन वर्षांची आहे म्हणून लिहितेच.

माझी धाकटी तेव्हा अडीच वर्षांची होती. मोठ्या भावाच्या वाटीतून तिने भाजलेले दाणे उचलले, तोंडात टाकले आणि हसत पळत सुटली. पळता पळता ठसका लागला. खोकला, मग आवाज बंद. मी तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, दाणा बाहेर आला. सगळं मिळून अर्धा मिनिट झालं असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात तिच्या ओठांचा जो रंग झाला होता तो मी अजून विसरले नाही.

मुलांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे द्यायचेच नाहीत. पाठीमागची दाढ नीट चावत नाही आणि दाणा थेट श्वासनळीत जातो. कूट करून द्या. आणि खाताना बसून खायचं, कोणतंही मूल, कोणतंही खाणं. आमच्या घरात आता हा नियम आहे, पाहुण्यांच्या मुलांनाही.

धुळ्याची माय

तुमचं वाचून उठले आणि ओट्यावरची शेंगदाण्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. खरंच आभार. ह्या बाजूने मी विचारच केला नव्हता.

अक्राणीचा मास्तर

मी धडगाव तालुक्यातल्या पाड्यावर शिकवतो. इथली मुलं सकाळी नागलीची नाहीतर ज्वारीची भाकर खाऊन डोंगर उतरून येतात. पावसाळ्यात खिशात भाजलेलं मक्याचं कणीस असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला बाया मोहाची फुलं वेचून वाळवतात. ती निवडून, भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करतात, त्यात गूळ लागतच नाही, फूलच गोड असतं. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला खजुराचा वाटला होता.

तरीही आमच्याकडे रक्त कमी असलेली मुलं आहेत, कारण नुसती भाकर-मिरची पोटात जाते, डाळ कमी पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांमध्ये सुमारे 69 मुलांना रक्तक्षय आढळला. तुमच्या एकट्या घरची गोष्ट नाही ही.

दोन गोष्टी शाळेतून मिळतात, त्या सोडू नका. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा असते. तुमच्या मुलाचं औषध चालू असल्याने ती द्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा. आणि जंताची गोळी. पोटात जंत असले तर तुम्ही कितीही फुणके घाला, रक्त वाढत नाही. आमची मुलं अनवाणी फिरतात म्हणून आम्हाला हे लवकर कळतं, पण शहरातल्या मुलांनाही जंत होतात.

शिरपूर ते सुरत

वीस वर्षं सुरतेत आहोत. दर मे महिन्यात आईकडून बिबड्यांचा डबा येतो. ज्वारी भिजवून, भरडून, लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा, खाटेवर ओल्या फडक्यावर थापायचा, धुळ्याच्या उन्हात कडक वाळवायचा. माझी मुलं न तळता, न भाजता तसेच कोरडे चावून खातात. वर्षभर टिकतात, आजीला नुसता डबा उघडायचा आहे. मीठ मात्र यंदा आईला कमी घालायला सांगितलंय.

कळण्याची भाकर

ह्या नावाने लिहितो म्हणजे काय सांगणार ते कळलंच असेल.

कळण्याच्या पिठासाठी आमच्याकडे चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे काळे उडीद, मूठभर मीठ, आणि एकत्रच गिरणीत. आमची ज्वारी दादर, म्हणजे रब्बीची असते. हे प्रमाण माझ्या आजीने कुठे वाचलं नव्हतं. ज्वारीत जे प्रथिन कमी पडतं ते उडदात असतं आणि उडदात कमी पडतं ते ज्वारीत, असं मला फार पुढे, कृषी पदविकेच्या वर्गात कळलं. त्या दिवशी घरी जाऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग? आम्हले काय माहीत नव्हतं?"

ह्याच पिठात किसलेलं गंगाफळ (लाल भोपळा) नाहीतर बारीक चिरलेली पालक, तीळ, ओवा घालून तळहाताएवढ्या जाड पुऱ्या थापा आणि तव्यावर तेलाच्या थेंबावर दोन्ही बाजूंनी भाजा. तळायच्या नाहीत. कळण्याला उडदाचा चिकटा असतो म्हणून थापताना फाटत नाहीत, लहान मुलालाही थापता येतात. तुमच्या मुलाला रविवारी थापायला बसवा. माझा नातू स्वतः थापलेली वाकडी पुरी आधी उचलतो.

धुळ्याची माय

एक अडचण. फुणके केले, चवीला छान झाले. पण मुलाने पहिल्याच दिवशी ताट सरकवलं. "हे काय, मुठीसारखं?" म्हणाला. काकू, काय करू?

रावेरच्या काकू

त्याला फुणका दाखवूच नको. कुस्करून टाक. रविवारीच तेल, मोहरी, कढीपत्त्याची फोडणी देऊन मोकळं परतून ठेव, डाळीची कणी-कणी सुटी झाली पाहिजे. वर खोबरं-कोथिंबीर. पोह्यांसारखं दिसतं, पोरं पोहे म्हणूनच खातात.

भुसावळ क्वार्टर

आमच्याकडे हेच पोळीत गुंडाळून देते. आणि एक सूचना: मार्च-एप्रिलात सकाळच्या शाळेच्या डब्यात ओलं वाटण देऊ नका. आपल्याकडचं ऊन माहीत आहे, डबा दोन तासांत आंबतो. त्या दिवसांत लाह्या, दशमी, बिबडे असं कोरडंच बरं.

आहार जळगाव

पावसाळ्यापुरती भर: दमट हवेत शेंगदाणे आणि खोबरं तपासून घ्या. काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा दाणा फेकायचा, भाजून वापरायचा नाही. त्या बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

धुळ्याची माय (सात आठवड्यांनी)

कानबाईचा सण झाला, पोळाही गेला, आज पुन्हा धागा वर काढते. तुम्ही एवढं सांगितलंत, काय झालं ते सांगायलाच हवं.

नागलीचे लाडू पूर्ण फसले. मुलाने एक चाटला आणि परत डब्यात ठेवला. मुलीने भिंतीला लावला. नागली आता मी धिरड्यात घालते, ताक आणि कांद्याबरोबर, तिथे चालते. उकडलेल्या मटकीची उसळ लिंबू पिळून दिली की दोघं खातात, पण ती रोज नाही, आठवड्यातून दोनदाच. तिसऱ्यांदा दिली तर दोघांची तोंडं वाकडी.

फुणक्याची फोडणी दिलेली कणी हिट झाली. काकू, आता तो मागतो. तिखट किंचित वाढवलं तेव्हा आणखी आवडायला लागली, शेवटी खान्देशाचंच पोर. केळीची दशमी बुधवार-गुरुवारसाठी ठरलेली आहे. कळण्याच्या पुऱ्या दोघं मिळून थापतात, अर्धं पीठ फरशीवर जातं, सासूबाई पाटावर बसून भाजतात. त्यांच्यासाठी शेगडी खाली घेतली, उभं राहावं लागत नाही. हे आधी का सुचलं नाही कोणास ठाऊक.

सगळ्यात अवघड चहा होता. आजी पाच वाजता चहा घेते आणि नातू समोर बसतो, मग बशीत दोन घोट त्याला मिळणारच. मी एकदा सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी लवकर घरी आले तर पाच वाजता चहाचं पातेलं घासून पालथं घातलेलं. त्यांनी स्वतःचा चहा चार वाजता करून घेतला होता. चाळीस वर्षांची पाच वाजताची सवय आहे ती. तेव्हापासून चारची नवी वेळ एकदाही मोडली नाही त्यांनी.

पुन्हा तपासलं, 10.9. डॉक्टर म्हणाले 11.5 च्या वर जायला हवं, औषध चालूच ठेवा. हे औषधाने किती आणि खाण्याने किती, मी वाटणी करत नाही. पण साडेआठला तो आता पोळी मागतो, आणि परवा जिना चढून माझ्या आधी वर पोचला.

केळीचा बाग (यावल)

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजींना माझा नमस्कार सांगा.

शिरपूर ते सुरत

लाह्यांचं वर ओझरतं आलंय. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा कोणी करतं का? माझ्या लाह्या दुसऱ्याच दिवशी मऊ पडतात.

धुळ्याची माय

मी करते. लाह्या भडभुंज्याकडून आणते. कोरड्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतून ताटात पसरायच्या. मग दोन चमचे तेलात जिरं, हळद, कढीपत्ता, डाळ्या. मुलीसाठी डाळ्या नाहीत, तिच्या वाट्याला शेंगदाण्याचं आणि तिळाचं कूट वरून. गॅस बंद करून तिखट-मीठ, मगच लाह्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. आणि कढीपत्ता चुरचुरीत होईपर्यंत थांबा. सासूबाई सांगतात, पानात ओल राहिली की तीच लाह्यांत उतरते.